कंदीलवाल्याचा डाव

मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात फुटक्या स्क्रीनपेक्षा किस्से जास्त जमतात. स्क्रीन बदलली की गिऱ्हाईक निघून जातं, किस्सा मात्र काउंटरवरच पडून राहतो. फोंडाघाटच्या बाजारात माझं दुकान आहे, त्यामुळे माल भरपूर. पण आज सांगतोय ते गिऱ्हाइकांचे नाहीत, आमच्या तिघांचे आहेत. मी, दिन्या आणि इरफान. त्यातले निम्मे हसत सांगता येतात. उरलेले कसे सांगायचे ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून आपले क्रमाने सांगतो.

*

शाळेत असताना बाजारात एका सरांचा टायपिंगचा क्लास होता. सरांनी एक दिवस कॉम्प्युटर आणला. गावातला पहिला, म्हणून त्याला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली आणि वर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. टायपिंगचे तीन कागद बिनचूक काढले की अर्धा तास गेम खेळायला मिळायचा.

गेमही एकच. फ्लॉपीवरचं लेबल पुसलेलं, त्यामुळे नाव कोणालाच माहीत नव्हतं. एक माणूस हातात कंदील घेऊन किल्ल्याच्या भुयारातून चालतो, वाटेत खड्डे येतात, त्यांवरून उड्या मारायच्या. भुयार संपतं तिथे एक दार आहे म्हणे. आम्ही त्या माणसाला ‘कंदीलवालो’ म्हणायचो.

दिन्याचं आजोळ विजयदुर्गाचं. त्यामुळे हे भुयार विजयदुर्गाचंच, यावर तो ठाम होता. “दाराच्या पलीकडे दर्या आसा. माझ्या मामान बघलेलो आसा,” असं तो इतक्या खात्रीने सांगायचा की सरसुद्धा मान डोलवायचे.

खुर्ची एक आणि पोरं तीन, म्हणजे भांडणं आलीच. सर घाटावरचे, शुद्ध बोलायचे. त्यांनी नियम घालून दिला: “मेला की डाव दुसऱ्याचा. वाद नको.” मी आणि इरफान तिसऱ्या-चौथ्या खड्ड्यातच मरायचो, दिन्या मात्र मरता मरत नसे. एकदा तर त्याला लांबवर ते दार दिसलं. आम्ही दोघे श्वास रोखून मागे उभे. आणि नेमकी लाईट गेली.

पुढे कॉम्प्युटर बिघडला, सर वारले, आम्ही संसाराला लागलो. दार राहिलं ते राहिलंच.

*

तीन वर्षांपूर्वी, ऐन आंब्यात, दिन्या कलमावरून पडला. फार उंचावरून नाही. त्याहून उंच झाडांवरून तो बोलत बोलत उतरायचा. पण पडला तो मानेवर. दोन महिने कोल्हापूरला काढून घरी आणला तेव्हा मानेखाली सगळं शांत झालेलं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट तेवढं हलायचं.

आठवड्यातून एकदा कणकवलीहून फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या. त्यांनी सांगून ठेवलं होतं, “अंगठा रोज हलला पाहिजे. आखडला तर तोही जाईल.” सरावासाठी त्यांनी मऊ रबरी बॉल दिला. दिन्याने तो घरंगळू दिला आणि म्हणाला, “बॉल दाबून काय कलमाक आंबे लागतले?”

ते त्याचं शेवटचं वाक्य. त्यानंतर त्याने बोलणंच सोडलं.

महिना-सव्वा महिन्याने त्याची बायको सुलभा दुकानात आली. काउंटरवर फोन ठेवून उभी राहिली. फोनला काय झालंय, मी विचारलं.

“फोनाक काय झाला नाय, भावजी. हे बोलनत नाय,” ती म्हणाली. “तुमी बिघडलेला दुरुस्त करतास ना? मग कायतरी करा.”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दोघांनीही आपापले फोन खिशात घातले आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

*

मला दुसरं काय येतं? मी सरांच्या घरी गेलो. कॉम्प्युटर माळ्यावर होता, आत उंदराने संसार थाटलेला. पण आतली हार्ड डिस्क जिवंत निघाली. सरांनी फ्लॉपीवरून उतरवून ठेवलेला गेम तिच्यातून काढला आणि फोनवर एम्युलेटर टाकला. एम्युलेटर म्हणजे आजच्या फोनला ‘तू जुना कॉम्प्युटर आहेस’ अशी थाप मारणारं ॲप. फोन थापेला फसतो, फक्त जुना संथ वेग पाळायला विसरतो.

इरफान आणि मी दिन्याच्या पडवीतल्या खाटेजवळ बसून पहिल्यांदा गेम लावला, तर कंदीलवाला दिसायच्या आत खड्ड्यात! पुन्हा लावला, पुन्हा खड्ड्यात. इरफान म्हणाला, “हो चलता काय पळता? ह्येच्या पाठी कोण लागलो आसा?”

वेग उतरवता उतरवता माझ्या नाकी नऊ आले. कंदीलवाला कसाबसा माणसासारखा चालायला लागला, तर पहिल्या खड्ड्यानंतर काळा पडदा आला. जुन्या गेमची ती खोड मी पार विसरलो होतो. नकली फ्लॉपी ओळखण्यासाठी गेम मध्येच विचारायचा, पुस्तकातल्या अमुक पानावरच्या तमुक ओळीचा पहिला शब्द कोणता? पुस्तक फ्लॉपीबरोबर यायचं. आमचं पुस्तक बेपत्ता होऊन जमाना झाला होता.

“पान सात, ओळ तीन,” मी वाचलं आणि फोन ठेवून दिला. संपलं, म्हटलं.

“ब्रिज,” दिन्या म्हणाला.

आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो. तो छताकडे बघत होता. “घाल. बी, आर, आय... घाल रे!”

शब्द बरोबर होता. मी मुद्दाम गेम बंद करून पुन्हा लावला. पान बारा, ओळ एक. तेही आलं. अशी सात-आठ पानं त्याच्याकडून म्हणून घेतली. शेवटी इरफानला राहवेना. “दहावीक इंग्लिशात नापास झालेलो तो होच ना?”

दिन्या हसला. आत सुलभाने भाजी फोडणीला टाकली होती, ती करपल्याचा वास आला तरी ती चुलीपाशी नुसती उभी. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो तर पदर डोळ्यांना लावलेला. माझंही काही वेगळं नव्हतं, पण मला निदान पाण्याचा तांब्या तोंडाला लावता आला.

*

खाटेच्या कडेला पाईपचा स्टँड बसवला, त्यात फोन अडकवला, अंगठा पोचेल अशा उंचीवर. स्क्रीनवर दोनच मोठी बटणं ठेवली: ‘चाल’ आणि ‘उडी’. मागे फिरायची सोय ठेवली नाही, तेवढं त्याच्या अंगठ्याला झेपत नव्हतं.

एम्युलेटरमध्ये एक चांगली गोष्ट असते. कुठेही थांबून सेव्ह करता येतं. मेलात तर पुन्हा तिथूनच चालू. दिन्याचे कष्ट वाचावेत म्हणून मी मोठ्या हौसेने त्याला ते दाखवलं.

“चिटिंग,” तो म्हणाला.

“अरे, सगळे करतात.”

“मी पडलंय तेव्हा खंय होतो तुझो सेव्ह?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सेव्हचा विषय मी पुन्हा काढला नाही. सरांचा नियम लागू झाला: मेला की डाव दुसऱ्याचा.

मॅडम आल्या, त्यांनी अंगठा तपासला आणि खूश झाल्या. “बघा, बॉलचा कसा उपयोग झाला!” बॉल तेव्हा अंगणात कुत्र्याकडे होता.

*

इरफान खारेपाटणचा. लहानपणी मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकला. आता विजयदुर्गाहून मासे भरतो आणि टेम्पो घेऊन घाट चढून कोल्हापूरला जातो. दर फेरीला दिन्याकडे थांबणार. “एकच डाव,” म्हणत बसायचा आणि बाहेर टेम्पोतल्या बर्फाचं पाणी अंगणभर.

गेम त्याला शेवटपर्यंत जमला नाही. दिन्या पडल्या पडल्या सूचना द्यायचा, पण पालथ्या घड्यावर पाणी. चौथा खड्डा आला की इरफान आत.

एकदा तो टेम्पोतून उतरून हात न धुताच खेळला. स्क्रीनला बांगड्याचा वास. तो चहा घ्यायला वळला तोच घरचं मांजर खाटेवर चढलं आणि स्क्रीन चाटायला लागलं. ‘चाल’ आणि ‘उडी’, दोन्ही बटणं त्याने मनापासून चाटली. कंदीलवाला चौथा खड्डा सहज पार!

“मांजर पास, इरफान नापास,” दिन्याने निकाल लावला. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, मग सुलभाला त्याची मान धरून बसावं लागलं. ठसका थांबेपर्यंत आमचं हसू पार उतरलं होतं. त्याच्या छातीत आता खोकण्याचं बळ राहिलेलं नाही, हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा दिसलं.

*

दिवसभर घरात दोघंच, त्यामुळे दिन्या मेला की दुसरा डाव सुलभाचा. नियम म्हणजे नियम. तिने उभ्या जन्मात गेम खेळलेला नव्हता. दिन्या मला तक्रार करायचा, “हिका जमणाच नाय रे. पयल्याच खड्ड्यात जाता. किती शिकवलंय!”

मी एकदा दारात उभा राहून बघत होतो. दिन्या दहाव्या-बाराव्या खड्ड्यात मेला. सुलभा तांदूळ निवडत होती. उठली, पदराला हात पुसले, ‘चाल’ दाबून धरलं. पहिला खड्डा आला. ‘उडी’कडे तिने बघितलंसुद्धा नाही. कंदीलवाला सरळ आत. “मी मेलंय,” म्हणाली आणि परत सुपाकडे.

निघताना मी तिला अंगणात विचारलं, “वैनी, उडी कित्याक मारत नाय तुमी?”

तिने एकदा घराच्या दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “माका जमता हो सगळा. चार खड्डे मी कधीच पार केलंय, हे झोपलेले तेव्हा. पण मी बेगीन मेलंय की ह्यांचो डाव बेगीन येता.”

मी गाडीला किक मारली.

*

पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्या भरेनात. ताप येऊन-जाऊन राहिला. या वर्षी अंगठाही दमला. ‘चाल’ दाबून धरलं की थरथरायचा. एका सकाळी दिन्या पहिल्याच खड्ड्यात मेला आणि सुलभाचा डाव आला. ती नेहमीप्रमाणे खड्ड्यात पडायला निघाली.

“ह्या खेपेक मरू नको गो,” दिन्या म्हणाला. “माका दार बघूचा आसा.”

मग सुलभा खेळली. तीन दिवस, कामं आवरून आवरून. फोन बंद न करता चार्जरला लावून ठेवायची. दिन्या सांगायचा, “थांब... आता.” आणि ती उडी मारायची. मी दुकान बंद करून जायचो, इरफानने एक फेरी चुकवली. आमच्यापैकी कोणीही न बघितलेले खड्डे आले आणि गेले. चौथ्या दिवशी सकाळी दार दिसलं. लाकडी, वर कमान, आणि त्याच्या अलीकडे एकच खड्डा.

तेवढ्यात अंगणात ॲम्ब्युलन्स आली. रात्रभर ताप उतरला नव्हता, डॉक्टरांनी कोल्हापूरला न्यायला सांगितलं होतं. सुलभाचा अंगठा ‘उडी’वर होता, पण तिची नजर अंगणाकडे होती.

“सेव्ह कर,” दिन्या मला म्हणाला.

“चिटिंग ना ती?”

“कर रे.”

मी सेव्ह केलं. ॲम्ब्युलन्स घाट चढून गेली. पाचव्या दिवशी इरफान आणि मी त्याला घरी घेऊन आलो, ते अग्नी देण्यासाठी.

बारावं उरकल्यावर पाहुणे पांगले. आम्ही दोघे पडवीत बसलो होतो. खाट अजून तिथेच, पाईपचा स्टँडही तसाच. सुलभा आतून फोन घेऊन आली आणि माझ्यापुढे धरला.

“भावजी, थंयसून चालू करून द्या.”

मी सेव्ह उघडलं. कंदीलवाला खड्ड्याच्या काठावर उभा, पलीकडे दार. मी तिला म्हटलं, “वैनी, एकच उडी. मारलात की दार उघडतला.” इरफान उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिला, क्लासमध्ये राहायचा तसा.

सुलभाने थोडा वेळ दाराकडे बघितलं. मग ‘चाल’ दाबलं आणि दाबूनच धरलं.

“मेलंय,” ती म्हणाली. खाटेपाशी गेली, फोन स्टँडमध्ये अडकवला, उजव्या बाजूला, अंगठा पोचेल अशा उंचीवर. चार्जरची पिन लावली आणि आम्हाला म्हणाली,

“आता ह्यांचो डाव.”