त्याच्या आधी काय?

सन २०२३. माझं वय चौऱ्याहत्तर. शेजारचा पोरगा मुंबईची खोली सोडून पोलादपुरात परतला होता. दिवसभर ओटीवर लॅपटॉप, डोळे सुजलेले, चहा निवलेला.

“तात्या, प्रोग्राम कोसळला की शेवटच्या घटकेचं सगळं एका फाईलीत उरतं. डीबगरमध्ये, म्हणजे चूक शोधायच्या प्रोग्राममध्ये, ती उघडायची नि मागं मागं जायचं.”

“म्हंजे मढी चिरतोस!”

“रोज,” तो म्हणाला.

त्या उन्हाळ्यात झऱ्यावरून माझ्या घरी येणाऱ्या नळीचं पाणी बंद झालं. वरच्या वाडीतल्या चुलतभावानंच नळी कापली, आता त्याचं तोंड बघणार नाय, असं मी गावभर ओरडलो.

शेजाऱ्यानं मान वर न करता विचारलं, “पाणी गेलं कधी?”

“काल दुपारी.”

“त्याच्या आधी काय झालं?”

“काय नाय. आमच्या म्हातारीनं भाताच्या रोपासाठी वाफ्यावर पालापाचोळा पसरून राब भाजला.”

“कुठं?”

मी तसाच उठलो. जाऊन राख उकरली. खाली प्लास्टिकची नळी वितळून मातीला चिकटलेली.

परतलो तर काय सापडलं, हेसुद्धा त्यानं विचारलं नाही. मला त्याचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वरच्या वाडीत गेलो, भावाच्या ओटीवर बसलो नि म्हटलं, “चहा टाक रे.”