स्ट्रायकर काही मिळाला नाही

वसई रोडला बाजाराच्या मागच्या गल्लीत कॅरमचं एक दुकान आहे. कॅरम, बुद्धिबळ, सापशिडी, झालंच तर हल्ली निघालेले जाडजूड खोक्यांतले नवे खेळ, सगळं तिथे मिळतं. मिळतं म्हणजे दुकानात असतं. मालकाला ते विकायचं आहे की नाही, याची मला आजही शंका आहे.

मला बाबांसाठी एक स्ट्रायकर हवा होता, बस्स. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. बोलणं-चालणं आठवड्याभरात पूर्ववत झालं, पण उजव्या हाताची बोटं काही ऐकेनात. उमेळ्यात जन्मभर केळीची वाडी राखलेला आणि संध्याकाळी देवळामागच्या ओट्यावर भल्याभल्यांना कॅरममध्ये पाणी पाजणारा हा माणूस शर्टाची बटणं लावता येत नाहीत म्हणून घराबाहेर पडेना. कोणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन झोपेचं सोंग घ्यायचे. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी दुसऱ्याच दिवशी खिडकीतून भिरकावला. असे पाच महिने गेले. मला भीती वाटायला लागली होती. हा माणूस असाच पलंगावर बसून संपणार, असं सारखं मनात यायचं. मग म्हटलं, चेंडू नको तर नको, कॅरम तरी खेळतील. बोटांना झेपेल असा हलका स्ट्रायकर आणू.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मालक खेळत होता. साठीचा गडी, मूळचा राजोडीचा. समोर एक गिऱ्हाईक बसलेलं.

"काका, एक स्ट्रायकर द्या."

"बोर्ड संपू दे," मान वर न करता तो म्हणाला.

मी उभी राहिले. राणी गेली, तिला कव्हर मिळेना, ती परत मध्ये आली. वीस मिनिटांनी बोर्ड संपला आणि मी तोंड उघडायच्या आत दोघांनी सोंगट्या पुन्हा मांडल्यासुद्धा! मी मनातल्या मनात चार शिव्या हासडून घरी आले.

दुसऱ्या खेपेला कुलूप. शेजारचा शिंपी म्हणाला, "ते स्पर्धेत पंच म्हणून गेलेत."

"कधी येतील?"

"फायनल झाली की."

तिसऱ्यांदा मी शनिवारी सकाळी, दुकान उघडता उघडताच पोचले. आज कोणी खेळायला बसलेलं नव्हतं. मालकाने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला, उघडला, आत दहा-बारा स्ट्रायकर. मी हात पुढे केला, तर त्याने झाकणच लावलं.

"खेळनार कोन?"

"माझे वडील."

"मग त्यांना आना. बोटं बघितल्याशिवाय मी स्ट्रायकर देत नाय."

"अहो, ती काय चप्पल आहे, मापाची घ्यायला?"

"चप्पल चावली तर बदलता येते. चुकीच्या स्ट्रायकरनं हात बिघडला की बिघडला."

माझ्या पायाची आग मस्तकात गेली. मी तशीही लवकर तापते. ते आजारी आहेत, हात चालत नाही, घराबाहेर येत नाहीत, सगळं मी भर दुकानात ओरडून सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हनून तर आना," तो म्हणाला आणि डबा उचलून वर ठेवून दिला.

घरी आल्यावर मी पर्स आपटली आणि त्या माणसाच्या नावाने खडे फोडायला सुरुवात केली. बाबा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"विकत नाही म्हणाला? दारात आलेल्या गिऱ्हाइकाला?"

"तीन खेपा झाल्या, बाबा."

"बाजारात असा माणूस मी पाहिला नाही. रिक्षा बोलाव."

जन्मभर पहाटे केळी घेऊन बाजार गाठलेला माणूस तो. गिऱ्हाईक परत पाठवणं त्यांच्या लेखी पापच. मी शर्ट आणला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मला मुकाट्याने बटणं लावू दिली, कारण भांडायला उशीर होत होता.

दुकानात शिरल्या शिरल्या बाबांनी तोंडाचा पट्टा सोडला. मालक बोर्डवर पावडर शिंपडत राहिला आणि मग म्हणाला, "बसा. बसून भांडा." बाबा बसले. समोर स्ट्रायकर आला.

पहिला फटका अर्ध्या बोर्डापर्यंतही पोचला नाही. मी सापशिडीच्या खोक्यांकडे बघत राहिले. बाबांच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"जड हाय हा," एवढंच म्हणून मालकाने दुसरा दिला. मग तिसरा. मग चौथा. पाचव्या स्ट्रायकरने एक काळी सोंगटी हळूहळू सरकली, कडेला जरा थांबल्यासारखी झाली आणि पॉकेटमध्ये पडली. बाबा मोठ्याने हसले. ते हसणं मी विसरूनच गेले होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"हाच द्या बांधून," मी डोळे पुसत म्हटलं.

"हा नाय. अजून बोट बसलं नाय. सोमवारी आना त्यांना."

मी पुन्हा तापणार, तेवढ्यात बाबाच म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. घाई करू नये."

तेव्हापासून रविवार सोडला तर रोज चारला बाबा दुकानात. आता एकटे जातात. बटणं स्वतः लावतात, कधी वरचं खाली, खालचं वर. तिथे दोघे कचाकचा भांडतात आणि घरी आल्यावर जेवताना त्या भांडणाचं साग्रसंगीत वर्णन मला ऐकावं लागतं. बोट काही अजून बसलेलं नाही.

मागच्या महिन्यात माझाच धीर सुटला. दादरहून एक उत्तम, हलका स्ट्रायकर घेऊन आले. बाबांनी तो उजव्या हाताच्या दोन बोटांत धरला, फिरवून पाहिला.

"छान आहे," म्हणाले. मग रुमालात गुंडाळून कपाटात धोतरांच्या खाली सारला, चपला घातल्या आणि दारातून वळून मला दम भरला, "मिळाला म्हणून त्याला सांगायचं नाही हं!"