फाशीचा दोर आणि गाढवे

"अर्थ?" एवढंच विचारायचा तो. कोणी नाव सांगितलं, की याची काठी त्याच्या छातीवर टेकलीच. "अर्थ?"

अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या आमच्या पार्कात त्याचा बाक ठरलेला. नव्वदीला टेकलेला जर्मन ज्यू. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, दुसऱ्याला टोचल्याशिवाय ज्यांना अन्न गोड लागत नाही. मी चौथी शिकलेला फिटर, बायकोला घेऊन मुलाकडे येऊन पडलेला. माझं इंग्रजी कारखान्यातलं, त्याचं घशातून येणारं. तरी जमलं.

श्नायडर म्हणजे शिंपी, त्सिमरमान म्हणजे सुतार, हे मला त्यानं शिकवलं. क्लाइन नावाचा सहा फुटी माणूस कुत्रं घेऊन यायचा. "क्लाइन म्हणजे लहान!" हा ओरडायचा. "काय लहान, ते याच्या बायकोला विचार." तो माणूस शेवटी दुसऱ्या पार्कात जायला लागला.

याचं स्वतःचं आडनाव मला लिहिता येत नाही. अर्थ, फाशीचा दोर. ज्यूंवर आडनावं घ्यायची सक्ती झाली, तेव्हा एका कारकुनानं त्याच्या खापरपणजोबाला ते चिकटवलं. गंमत म्हणून.

"आमच्या गल्लीत रोझेनबाउम होते. गुलाबाचं झाड! मिरवायचे. नाझींनी त्यांना आणि आम्हाला मालगाडीच्या एकाच डब्यात कोंबलं. गुलाबाला काय सवलत मिळाली?"

"मग बदललं का नाहीस?"

"आईबाप, भाऊ याच नावानं मारले गेले. त्यांच्या नावाचा थडग्याचा दगड कुठंही नाही. माझ्या दगडावर हेच पाहिजे."

माझं आडनाव गाढवे. अर्थ सांगितला, तर खोकला लागेपर्यंत हसला. "तुझा कारकून माझ्या कारकुनाचा भाऊ दिसतो!" घरी हिला सांगितलं. "बरोबर ओळखलं हो त्यांनी तुम्हाला," म्हणाली.

मुलाला मात्र त्या नावाची लाज. ऑफिसातली हिंदी बोलणारी पोरं चिडवायची. इथं सिटिझनशिप घेताना नाव बदलून मिळतं. त्यानं घेतलं, गोऱ्यासारखं.

मग ही गेली. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी मी बाकावर जाऊन बसलो. घरात बसवेना. म्हातारा फणकारला, "काल सूट घालून आलो होतो. तिथल्या बोर्डावर तुझ्या नावाचं कोणी मेलेलं नव्हतं."

मुलानं फ्युनरल होमच्या बोर्डावर आईला आपलं नवं आडनाव लावलं होतं. ऑफिसातल्या लोकांना सापडावं म्हणून. त्यांना सापडलं.

हे ऐकून म्हातारा काठी आपटत थेट घरी आला. मुलाला म्हणाला, "आईला परकी बाई करून जाळलंस."

"सर, फक्त सोयीसाठी केलं."

"आमचं नावही सोयीसाठीच ठेवलं होतं. कारकुनाच्या."

मुलानं दार लावलं. "बाबा, हा माणूस परत घरी नको."

"घर तुझं, नाव तुझं," मी म्हटलं. "ती गाढवे होती. तिला कधी लाज वाटली नाही. मेल्यावर तू वाटायला लावलीस."

थंडीत म्हाताराही गेला. दफनाला मी बसनं एकटा गेलो. पाच-सात माणसं. त्यांच्यात दगड वर्षभरानं बसवतात, तोवर नुसती माती. त्याची मुलगी होती. बोलायला गोड बाई. बापाचं आडनाव तिनं लग्नाआधीच टाकलेलं.

मी विचारलं, "बाई, दगडावर नाव कोणतं घालणार?"

हातमोज्याची माती झटकत ती म्हणाली, "बघू."