चौथ्या गाण्यातली नावं

"गाऊ नकोस. नुसतं वाच," साहेब म्हणाले.

मी उभी होते. सौरभ, बास गिटारवाला आणि ड्रमवाला, आमच्या बँडमधले तिघे, खुर्च्यांवर बसले होते. चौथी खुर्ची होती, पण तिच्यावर साहेबांच्या फायली होत्या. त्या कोणी उचलल्या नाहीत. मीही उचलल्या नाहीत.

मी चौथं गाणं वाचायला लागले. त्यात फक्त नावं होती. येशी. सोनी. मंगळी. चांगुणा. बुधी.

साहेबांनी हात वर केला. "ही माणसांची नावं आहेत? आमच्याकडे म्हशींना अशा हाका मारतात."

दारातला शिपाई हसला. मग सौरभ हसला. मग मी हसले.

हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. मी हसले. येशी माझी सख्खी मावशी होती.

मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. वडील आश्रमशाळेत स्वयंपाकी. शिकायला नाशिकला आले आणि एका खासगी शाळेत संगीत शिकवायला लागले. सौरभ कॉलेजात भेटला. गंगापूर रोडला त्याचं घर, घरात गिटारी टांगलेल्या. त्याला प्रोग्रेसिव्ह रॉकचं वेड होतं. हे काय असतं, असं आईनं विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं होतं, लांब लांब गाणी असतात, ताल मधेच बदलतो, आणि सगळ्या गाण्यांची मिळून एकच गोष्ट असते. आई म्हणाली, मग हे तर आपल्याकडं पयल्यापासून हाय.

आमच्या अल्बमचं नाव 'उतार'. सात गाणी, एका दिवसाची गोष्ट. पहाटे पाड्यावर पिकअप येते. बाया-माणसं दाटीवाटीनं उभी राहतात आणि द्राक्षाच्या बागांमध्ये विरळणीला जातात. संध्याकाळी तीच गाडी घाट उतरताना उलटते. हे खरंच घडलं होतं. मावशी त्याच गाडीत होती. ती आणि तिच्यासोबतच्या काही बाया त्यात गेल्या. पेपरात आलं, 'मजुरांची गाडी उलटली'. नावं आली नाहीत. गाडी ज्याची होती त्याचंही नाव आलं नाही. त्याचे वाढदिवसाचे बोर्ड मात्र दर चौकात लागतात.

मी शब्द लिहिले, सौरभनं चाली केल्या. चौथं गाणं सात मात्रांचं. दर सात मात्रांना एक नाव, खाली ड्रम एकसारखा, चढत नाही, उतरत नाही. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा सौरभनं ते लगेच परत वाजवायला लावलं होतं. हेही खरं आहे.

कार्यक्रमासाठी आम्ही शहरातलं एक मोठं खासगी सभागृह मागितलं. त्याच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे हे साहेब. आधी मोठ्या हुद्द्यावर होते, आता त्या वाढदिवसाच्या बोर्डांवर गाडीमालकाच्या डाव्या हाताला उभे असतात. त्यांनी सगळी गाणी कागदावर मागवली. "आम्ही बंदी घालत नाही," ते म्हणाले. "वरून विचारणा झालीय, म्हणून सुचवतोय." दुसऱ्या गाण्यातला 'मालक' नको. तिसऱ्यातली गाडी नको, पायवाट करा. चौथ्यातली नावं तर नकोतच. "त्यापेक्षा बासरी घाला. तुम्हा लोकांचा निसर्ग येऊ द्या त्यात."

एकही गोष्ट त्यांनी लिहून दिली नाही. सगळं तोंडी. कधी फोनवर, कधी चहा देऊन. चहा तिघांना.

सौरभ म्हणाला, प्रोगमध्ये नुसती वाद्यंही चालतात यार, नावांच्या जागी गिटार टाकतो. त्यानं टाकली. चार मिनिटांची झाली ती. अल्बम बदलत गेला. साहेबांकडून आम्ही परत आलो की एकेक ओळ गेलेली असायची आणि तिथं काहीतरी वाद्य वाजायला लागायचं. शेवटी तो चांगला झाला, हेच वाईट. ऐकणारे म्हणायचे, काय गूढ आहे, काही न सांगता किती सांगता तुम्ही. मी मान हलवायचे.

त्याच दिवसांत एक माणूस आमच्या सरावाच्या गाळ्याबाहेर दिसायला लागला. साधे कपडे, डोक्यावर टोपी. समोरच्या टपरीवर बसायचा. आम्ही वाजवायला लागलो की मोबाईल काढून शटरकडे धरायचा. बास्स, एवढंच. ड्रमवाल्यानं एकदा त्याला विचारलं, काय पाहिजे. तो म्हणाला, "काय नाय. ऐकतोय."

कार्यक्रमाला आई आली, आणि मावशीची मुलगी छबी. पेठहून एसटीनं. छबीनं नवीन पंजाबी ड्रेस घातला होता. तिला मी फार आधी सांगून ठेवलं होतं, तुझ्या आईचं नाव माइकवर घेणार आहे. पुढं काय झालं ते सांगायची हिंमत मला झाली नव्हती.

चौथं गाणं आलं. माझे हात कीबोर्डवर, तोंड बंद. ड्रम सात मात्रांचा चालू. सौरभची गिटार. लोकांनी मोबाईलचे दिवे लावून हात हलवले. माझ्या घशात दर सात मात्रांना नाव येत होतं आणि मी ते गिळत होते. शेवटी साहेब स्टेजवर आले, शाल-नारळ झालं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते माइकवर म्हणाले, "ही आमची आदिवासी कन्या." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांना ते माहीत नव्हतं.

मागच्या खोलीत छबी आली. हळूच म्हणाली, "ताई, आईचं नाव कवा आलं? मी ध्यान देऊन आयकत होते. मला आयकूच नाय आलं."

तिला वाटलं, चूक तिचीच झाली.

मी म्हणाले, "साउंड खराब होता गं."

आई बाजूलाच उभी होती. दोघींना सीबीएस बसस्टँडवर सोडलं. छबी खिडकीपाशी बसल्यावर आईनं मला खाली बाजूला घेतलं. "तिला परत खोटं सांगू नको," एवढंच म्हणाली आणि गाडीत चढली.

त्या साहेबांना मी काय दोष देऊ? छबीशी खोटं मी बोलले होते. तेही कोणी न सांगता.

आठवड्यानं सौरभ एक कागद घेऊन आला. अल्बम इंटरनेटवर जायचा होता. कागदावर लिहिलं होतं, अल्बम काल्पनिक आहे, कोणत्याही घटनेशी संबंध नाही, आणि चौथ्या गाण्याचं नाव 'निसर्ग' आहे. तिघांच्या सह्या झालेल्या होत्या. सौरभच्या फोनवर साहेब होते, स्पीकर चालू.

मी म्हणाले, "साहेब, काय काढायचं आणि का काढायचं, ते तुम्ही लिहून द्या. खाली तुमची सही करा. मग मी विचार करते."

पलीकडून एकदम मऊ आवाजात, "तुझे वडील आश्रमशाळेत आहेत ना? तब्येत बरी आहे त्यांची?"

वडलांबद्दल मी कधीच काही सांगितलं नव्हतं.

"बरी आहे," मी म्हणाले. "सही मी करणार नाही."

त्यांनी फोन ठेवला. सौरभ म्हणाला, तुझ्या एका हट्टापायी आमचं सगळं जाईल. मी म्हणाले, माझे शब्द आहेत ते, मी घेऊन जाते. कीबोर्डची वायर गुंडाळली आणि निघाले.

त्यानंतर शाळेनं कळवलं, पुढच्या महिन्यापासून संगीताचा तास नाही. घरमालकीणबाई ओशाळून म्हणाल्या, कोणीतरी येऊन विचारून गेलं, तुझ्याकडं कोण कोण येतं. वडलांना बदलीची ऑर्डर आली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांनी मला फोन केला. मी म्हणाले, दादा, हे माझ्यामुळं झालं. ते म्हणाले, माहीत हाय. रागावले नाहीत. समजूतही काढली नाही. मी आता पाड्यावर राहते. टोपीवाला माणूस इथंही आला. ग्रामपंचायतीसमोर मोटारसायकल लावून बसला होता.

छबीला मी सगळं सांगितलं. साहेब काय बोलले ते, आणि मी हसले तेही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, बाकीच्यांच्या घरी जाऊ. आम्ही घरोघर गेलो. पेपरात नावं आली नाहीत म्हणून मी ती लिहिली होती, पण त्यातली दोन मीच चुकीची लिहिली होती. एका बाईचं खरं नाव तिच्या सासूनं सांगितलं, तीनदा सांगितलं, मी नीट लिहीपर्यंत जागची हलली नाही.

येत्या आठवडी बाजारात मी गाणार आहे. सातही गाणी, मूळ शब्दांनी, नावं दुरुस्त करून. गिटार नाही. छबी पत्र्याचा डबा वाजवेल, तिला सात मात्रा जमल्यात. काल अनोळखी नंबरवरून फोन आला, नीट विचार कर. मी विचारलं, कोण बोलतंय? फोन कट झाला.

मी कोणाची परवानगी मागितलेली नाही, मागणार नाही. ज्याला मला थांबवायचंय त्यानं भर बाजारात माझ्यासमोर यावं आणि आधी स्वतःचं नाव सांगावं. तेवढं झाल्याशिवाय मी थांबणार नाही.