यादीतलं ‘आम्ही’

नीलांबरी नवऱ्याच्या व्हिसावर हॉलंडला आली, पण घरात बसायला नव्हे. पुण्यात पुरातत्त्व शिकलेली, तोंडाने फटकळ बाई. रायस्वाइकच्या फ्लॅटमध्ये भिंतींकडे बघून तिचं डोकं फिरलं. मग डच शिकली, दुसऱ्यांच्या खड्ड्यांत राबली आणि शेवटी स्वतःची कंपनी काढली. कंपनी म्हणजे ती, एक खटारा व्हॅन आणि हाताने फिरवायचं लांबलचक गिरमिट. बांधकामाआधी जमिनीत गिरमिट घालायचं, खालची माती वर काढून बोटांनी चोळायची आणि सांगायचं: इथे जुनी वस्ती होती, किंवा नव्हती.

२००५ साली शेजारच्या गावात एका स्वस्तातल्या कंपनीने ‘खाली काही नाही’ असा शेरा मारला. पाया खणायला घेतला तर जेसीबीच्या तोंडात मध्ययुगातल्या विहिरीच्या फळ्या! विहिरीचा चुरा झाला. नीलांबरी पेटलीच.

“बिल्डर काय, जो खाली काही नाही म्हणेल त्यालाच काम देणार! खेमेंटेनेच तपासून-पारखून कंपन्यांची यादी ठेवली पाहिजे.”

खेमेंटे म्हणजे इथली नगरपालिका. तिथल्या सभेत तिच्या बाजूने श्रीकांत बोलायला उभा राहिला. सोलापूरचा, एका मोठ्या उत्खनन कंपनीत मॅनेजर, तिला ताई म्हणणारा. अस्खलित डच. प्रत्येक वाक्य ‘वेई’ने सुरू. वेई म्हणजे आपण, असं नीलांबरीने धरलं आणि खुर्चीत ताठ बसली.

यादी झाली. श्रीकांतची कंपनी सगळ्यांत वर. नीलांबरीचं नाव कुठेच नाही. अट अशी की कंपनीचं स्वतःचं गोदाम हवं आणि कायमचे कर्मचारी हवेत. तिच्याकडे कायमची होती ती पाठदुखी!

ती तडक श्रीकांतच्या घरी गेली. त्याची बायको मालिनी चहा ओतत होती.

“श्रीकांत, ही अट कुणाच्या डोक्यातून निघाली?”

“ताई, खेमेंटेने सल्ला विचारला. आम्ही दिला.”

“आम्ही? आम्ही कोण?”

“म्हणजे... आमची कंपनी.”

“सभेत तर वेई-वेई करत होतास!”

“तेच तर. वेई. आम्ही.”

डचमध्ये आपण आणि आम्ही एकाच पांघरुणात झोपतात. मराठीत पांघरूण ओढलं की पाय कुणाचे ते दिसतं. नीलांबरीला दिसले.

“अहो, निदान आधी सांगायचं तरी त्यांना,” मालिनी पुटपुटली.

“बिघडलं काय एवढं?” श्रीकांत म्हणाला. “ताई, तुम्ही आमच्यातर्फे करा की काम. गिरमिट तुमचं, नाव आमचं. आणि आता यादीविरुद्ध बोलणार तरी कशा? मागितलीत तुम्हीच.”

“यादी मी वाईट काम बाहेर काढायला मागितली होती रे. मला बाहेर काढायला नाही.”

चहा तसाच टाकून ती निघाली.

पुढच्या सभेला ती एकटी उभी राहिली. माणसाचं काम तपासा, त्याचं गोदाम कसलं बघता, एकट्याने नीट काम करणाऱ्यालाही दार उघडं ठेवा, अशी तिची मांडणी रंगात आली होती. तेवढ्यात अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत गोड हसून विचारलं, “मॅडम, वेळ संपला. एका शब्दात सांगा, यादी हवी की नको?”

ती फुटकी विहीर तिने स्वतः पाहिली होती. खोटं कसं बोलणार?

“हवी,” ती म्हणाली.

“म्हणजे मॅडमचाही पाठिंबा आहे,” अध्यक्ष म्हणाले. सेक्रेटरीने तसं टिपून घेतलं. मागच्या रांगेत श्रीकांतने मान डोलावली, आणि सभा स्टेशनजवळच्या सायकल स्टँडच्या विषयाकडे वळली.