फाटकाच्या मापाची गाडी

माझा दादा गाडीच्या दुकानात काठी घेऊन शिरला, तेव्हा दुकानदाराला वाटलं म्हातारा भांडायला आलाय. काठी साधीच होती, सोललेली, दोन्ही टोकांना सरळ कापलेली. आमच्या शेतात पाच फाटकं आहेत आणि पाचही फाटकांच्या दगडी खांबांमधलं अंतर बरोबर त्या काठीएवढं. टेपवर दादाचा विश्वास नव्हता. टेप ताणली की वाढते, असं तो मलाच सांगायचा. आणि मी तीस वर्षं पंपांच्या वर्कशॉपमध्ये फिटर, टेप खिशात घेऊन जेवायला बसणारा माणूस.

गाडी हवी होती ती वहिनींसाठी. शेतात फिरणारी छोटी गाडी असते ना, शेजारीशेजारी दोन सीटा, डोक्यावर लोखंडी पिंजरा, मागं सामानाला हौदा, चढावर चारही चाकांनी ओढणारी, तसली. वहिनींचे दोन्ही खुबे झिजले होते. दोन वर्षं त्यांचं जग म्हणजे मागचं अंगण आणि तिथली खुर्ची. वर टेकाडावर लिंबांची बाग आहे, ती त्यांनी लावलेली. पहिली तीन वर्षं झाडांना डब्यानं पाणी वाहून घातलेलं. खुर्चीतून त्यांना बागेची फक्त वरची कड दिसायची. संध्याकाळी दादा खाली आला की त्या विचारायच्या, "तिसऱ्या ओळीतलं ते वाकडं झाड कसं आहे?" दादा म्हणायचा, "आहे ना." झालं. दोन वर्षांत बागेची बातमी एवढीच. दादाला बोलायला लावणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं.

एक दिवस वहिनी म्हणाल्या, "मला एकदा वर न्या. पुढच्या वर्षी मला बसतासुद्धा येणार नाही." त्यांनी रडून-बिडून सांगितलं नाही, भाजी निवडता निवडता सांगितलं. दुसऱ्या दिवशी दादानं काठी कापली.

वर जायची वाट सांगतो, कारण सगळं त्या वाटेवरच आहे. पहिली दोन फाटकं सपाटीवर. मग वळण, मग अंगावर येणारा चढ आणि त्या चढावर तिसरं फाटक. तिथं वर तोंड करून उभं राहिलं की बरोबर पाठीमागं शेततळं. सहा वर्षांपूर्वी दादानं खणलं, आत काळं प्लॅस्टिक अंथरलं. ते ओलं झालं की शेवाळ धरतं, आणि मग आत पडलेल्याला वर येता येत नाही. शेजाऱ्याचं कुत्रं एकदा त्यात पडलं होतं. मी दोर टाकून काढलं तोवर ते गोल गोल पोहून डोळे पांढरे करून बसलं होतं. त्या दिवशी मी दादाला म्हटलं, कुंपण घाल. त्यानं तार आणली. ती गुंडाळी अजून शेडमध्ये आहे, कागदसुद्धा फाडलेला नाही.

ट्रॅक्टर होता तेव्हा त्या दोघांची एक रीत होती. फाटक आलं की दादा गियरमध्ये टाकून इंजिन बंद करायचा. फुकटचं तेल का जाळा, हा त्याचा धर्म. वहिनी मडगार्डवरून उडी मारायच्या, पायाशी ठेवलेला दगड उचलायच्या, मागच्या चाकाला लावायच्या आणि फाटक उघडायच्या. दगड तिकोनी, एका बाजूनं हाताला लागून गुळगुळीत झालेला. खरं तर गियरच ट्रॅक्टर धरून ठेवायचा; दगड आपला वरचा. पण चाळीस वर्षं दगड चुकला नाही. लग्नाच्या सोबतीची आमच्या घरात काही निशाणी असेल, तर ती हा दगड.

दुकानात दोन गाड्या होत्या. लाल गाडी रुंद, डिझेलची, आणि तिच्या गियरच्या दांड्याला शेवटी एक घर होतं. दांडा तिथं टाकला की चाकं कुलूपबंद. हिरवी अरुंद, पेट्रोलची, तिला ते घर नव्हतं, नुसता हँडब्रेक. दादानं लाल गाडीला काठी लावली. गाडी दोन्हीकडून वीतभर बाहेर. हिरवीला लावली. काठीच दोन्हीकडून चार-चार बोटं बाहेर.

"ही," दादा म्हणाला.

मी त्याला बाजूला घेतलं. "लाल घे. खांब हलवू. दोन दिवसांचं काम आहे, मी येतो."

"खांब बाबांनी रोवलेत."

"बाबा माझेही होते. खांब हलवलेले त्यांना चालले असते."

"तुला काय माहीत, तू तेव्हा रांगत होतास."

मी हिरवीखाली शिरून पाहिलं आणि उठून दादाला नीट सांगितलं, वहिनीही गाडीत बसून ऐकत होत्या. म्हटलं, "हिच्या आत पट्टा आहे. इंजिन बंद झालं की पट्टा सैल पडतो आणि गाडी मोकळी होते. गियरमध्ये असली तरी. ट्रॅक्टरसारखं गियर हिला धरत नाही. उतरायच्या आधी हँडब्रेक, दर वेळी."

"चाळीस वर्षं चालवतोय मी," दादा म्हणाला.

"धरत नाही म्हणजे?" वहिनींनी विचारलं. हा प्रश्न विचारायचा होता दादानं.

मी त्यांना दाखवायला गियर टाकला, इंजिन बंद केलं, ब्रेक सोडला. गाडी जागची हलली नाही. दुकानाचं आवार फरशीचं, बशीसारखं सपाट. सपाटीवर सगळ्याच गाड्या शहाण्या असतात. दादानं माझ्याकडं पाहिलं, तो हसला नाही, पण त्याला हसू आलं होतं हे मला कळलं.

गाडी घरी आली त्या दिवशी मीच चालवत आणली. वहिनी कुबडी टेकत बाहेर आल्या, आणि दुसऱ्या हातात तो दगड. माझं डोकंच फिरलं. नवीकोरी गाडी, खाली रबराची चटई, आणि तिच्यात दगड. मी म्हटलं, "वहिनी, लग्नात नवरीच्या हातात कोणी फावडं देतं का? ब्रेक आहे हिला." आणि त्यांच्या हातातून दगड घेऊन मी पाण्याच्या टाकीमागं भिरकावला. सगळे हसले. वहिनीही हसल्या. निदान मला तसं वाटलं.

मग आठ दिवस दादा कुठं दिसेना. फोन केला तर वहिनी म्हणाल्या, वाट साफ करताहेत. वहिनींच्या खुब्याला धक्का बसू नये म्हणून त्यानं घरापासून बागेपर्यंतचा एकेक दगड वेचला. मुठीएवढासुद्धा ठेवला नाही. पाट्या भरभरून बांधाला नेऊन टाकले. मी गेलो तेव्हा वाट अंगणासारखी झाडलेली. "अहो, इतकं आमच्या लग्नातसुद्धा झाडलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या, आणि दादा लाजून गाडीचा आरसा पुसायला लागला. मला त्या वेळी वाटलं, या दोघांचं बरं चाललंय. एवढं स्वच्छ मला फार कमी वेळा वाटतं.

वर नेलं त्या दिवशी दादानं वहिनींचा सीटबेल्ट स्वतः लावला, दोनदा ओढून पाहिला, बाजूची जाळी अडकवली. पाचही फाटकांशी उतरला तो, कारण वहिनींना उतरणं शक्य नव्हतं. बागेत पोचल्यावर वहिनींनी गाडी वाकड्या झाडापाशी घ्यायला लावली, बसल्या जागेवरून त्याचं पान चुरडलं आणि हात नाकाशी धरून राहिल्या. बराच वेळ. दादा चाकातला चिखल काढत बसला. चिखल नव्हताच.

त्यानंतर रोज सकाळी दोघं वर. रविवारी मी गेलो, मागच्या हौद्यात उभा राहिलो. दुसऱ्या फाटकाशी दादानं गियर टाकला, किल्ली फिरवली आणि उतरायला लागला. वहिनी म्हणाल्या, "अहो, ब्रेक."

दादानं ब्रेक ओढला. तिसऱ्या फाटकाशी त्याचा पाय खाली जायच्या आत पुन्हा, "ब्रेक." चौथ्याशी पुन्हा. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, कशाला घसा सुकवता, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. दादाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. तिसऱ्या फाटकाशी ब्रेक ओढूनही गाडी बोटभर मागं सरकली होती आणि मग थांबली होती. मी मागं पाहिलं, खाली तळ्यातलं पाणी काळं, एक तरंग नाही. ब्रेकची तार ताणायला हवी असं मनात आलं. पुढच्या रविवारी ताणू, असं ठरवलं.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं, आणि एकदाच सांगितलं.

त्या रविवारी मी गेल्यावर दादा त्यांना म्हणाला, "भावासमोर काय ते ब्रेक ब्रेक. मी काय कुक्कुलं बाळ आहे? उद्यापासून म्हणू नकोस." सोमवारी त्या म्हणाल्या नाहीत. दादानं आपण होऊन ब्रेक ओढला, पाचही ठिकाणी, आणि दर वेळी त्यांच्याकडं बघितलं, बघितलंस ना, असं. मंगळवारीही त्या म्हणाल्या नाहीत.

मंगळवारी सकाळी दहाचा सुमार. पहिलं फाटक, दुसरं फाटक. दोन्हीकडं दादा नुसता उतरला. वहिनींच्या लक्षात आलं. ओठावर आलेलं त्यांनी गिळलं. सपाटी होती, गाडी हलली नाही. तिसऱ्याशी तो थांबला, गियर टाकला, इंजिन बंद केलं. ते बंद झालं की पाखरांचे आवाज येतात, ते वहिनींना आवडायचं. त्या पाखरं ऐकत होत्या.

"आधी मला वाटलं, फाटकच पुढं चाललंय," वहिनी म्हणाल्या. "ते फाटकाची कडी काढत होते, आणि ते आणि फाटक दोघंही लांब जायला लागले. मी म्हटलं, अहो. एवढंच. ब्रेक म्हणायचंसुद्धा सुचलं नाही."

ब्रेकचा दांडा दादाच्या सीटच्या पलीकडं. वहिनींनी हात टाकला, पण सीटबेल्टनं त्यांना धरून ठेवलं. बोटं चार अंगुळं कमी पडली. ती चार अंगुळं त्यांनी मला हातावर मोजून दाखवली.

दादा धावत आला. "ते माझ्याकडं बघत नव्हते, भाऊजी. खाली बघत होते. या बाजूला, त्या बाजूला. मला कळलं काय शोधताहेत ते."

वाटेवर एक खडासुद्धा नव्हता. त्यानंच वेचले होते.

"मग त्यांनी एकदा तळ्याकडं पाहिलं," वहिनी म्हणाल्या, "आणि गाडीच्या मागं गेले."

मी गेलो तेव्हा त्याला नेलेलं होतं. गाडी तिथंच, एक मागचं चाक वाटेकडेच्या चरात, तिरकी. दादा मागच्या चाकाला पाठ लावून, पाय रोवून आडवा झाला होता; त्याच्यावरून जाताना गाडी वळली आणि चरात अडकली. चाकापासून तळ्याच्या कडेपर्यंत किती, ते मला मोजल्याशिवाय राहवेना. माणसाचं मन किती निगरगट्ट असतं बघा. टेप खिशात होती, पण मी शेडमधून दादाची काठी आणली. एक काठी आणि चार बोटं.

मी पहिली गोष्ट केली ती कुंपण. मग दुकानदाराला फोन करून हिरवी परत घेतो का विचारलं. वहिनी म्हणाल्या, "विकायची नाही."

"वहिनी, तुम्हाला ती डोळ्यासमोर तरी कशी चालते?"

"त्यांनी माझ्यासाठी आणली."

दादाला जाऊन चार महिने झाले. लिंबं उतरायला आली. वहिनी म्हणाल्या, मला वर न्या. मी ब्रेकची तार ताणली होती, एकदा नव्हे, वीसदा. त्यांना बसवलं, सीटबेल्ट लावला, दोनदा ओढून पाहिला. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. मला वाटलं लिंबांसाठी.

पहिल्या फाटकाशी त्या म्हणाल्या, "ब्रेक."

"ओढलाय, वहिनी."

दुसऱ्याशी म्हणाल्या, "ब्रेक." मी म्हटलं, "ओढलाय."

तिसऱ्याशी मी ब्रेक ओढला आणि त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. पिशवीत हात घालून त्यांनी दगड काढला आणि माझ्यापुढं धरला. तोच, तिकोनी, एका बाजूनं गुळगुळीत.

मला वाटलं, त्यांनी नंतर कधीतरी हुडकला असेल. मी विचारलं, "टाकीमागं सापडला?"

"त्याच दिवशी संध्याकाळी उचलून आणला होता मी," वहिनी म्हणाल्या. "दाराशी ठेवला होता. रोज निघताना दिसायचा."

"मग घेतला का नाही?"

त्यांनी दगड माझ्या हातात दिला.

"सगळे हसला होतात ना, भाऊजी," त्या म्हणाल्या. "लावा आता चाकाला."

मी उतरलो आणि लावला.