कागदावरचा धर्म

दर महिन्याला ज्या एसटी कंडक्टरच्या हाती मी शिरूरला घरी गोळ्यांची डबी पाठवायचे, त्यानंच दौंडच्या दवाखान्यात येऊन मला चिठ्ठी दिली. शेजारच्या मामांचं अक्षर. ‘मार्था गेली. लगेच ये.’ मी एका बाईचा ताप बघत होते. तो लिहून झाल्यावर रडले. त्याला आता दीड महिना झाला.

मार्था माझी थोरली बहीण, पण उंचीनं माझ्या कमरेला लागायची. कोरडी कातडी, जाड जीभ, घोगरा आवाज आणि भर उन्हाळ्यातही थंडी. अंगणात पाट टाकून बसायची, ऊन सरकेल तसा पाट सरकवायची. कुणी नाव विचारलं की म्हणायची, ‘मार्था... ख्रिस्ती.’ हे बाबांनी शिकवलेलं. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. ती दोन वर्षांची असताना त्यांनी तिला पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर घाईत होते. कागदावर तिच्या नावाखाली इंग्रजीत एकच शब्द खरडला आणि म्हणाले, गावच्या डॉक्टरला दाखवा. बाबांनी तो कागद बायबलात ठेवला आणि कुणालाच दाखवला नाही. ‘दाखवायचं काय? नाव आन् धर्म, एवढंच तर लिवलंय. रोग घावलाच न्हाई त्यास्नी,’ असं ते सगळ्यांना सांगत.

नर्सिंग शिकून आल्यावर मी तो कागद उलगडला, एकेक अक्षर लावलं. ‘ख्रिश्चन’ नव्हतं ते. ‘क्रेटिन’ होतं. आमच्या पुस्तकात त्या शब्दाखाली एका मुलीचा उघडा फोटो होता आणि शेजारी छापलं होतं: खुजी, जडबुद्धी. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा जन्मजात दोष. तान्हेपणी गोळ्या सुरू केल्या तर... हे वाक्य मला अजून पुरं करवत नाही. आमचे म्हातारे डॉक्टर एकदा म्हणाले की त्या शब्दाचं मूळ ‘ख्रिस्ती’ असंच आहे, हीही देवाचीच माणसं म्हणून. असेल. आमच्यापर्यंत येईतो त्यातला देव गळाला होता.

मी गोळ्या सुरू केल्या तेव्हा मार्था बावीस वर्षांची होती. त्या जन्मभर घ्यायच्या, सोडल्या तर जिवावर बेततं. दोन महिन्यांत तिनं शाल टाकली, पाट सावलीत न्यायला लागली. उंची-बुद्धीची वेळ मात्र केव्हाच टळली होती. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “ही गोळी तवा व्हती का गं?”

होती. “नव्हती, बाबा,” मी म्हणाले. त्या शब्दाबद्दलही बोलले नाही, त्यांना नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही. दोन वर्षांनी बाबा गेले आणि मार्था मामांच्या सांभाळात राहिली. माझं खोटं खपून गेलं, असं मला वाटत होतं.

दफन झाल्यावर घर आवरायला गेले तर कोनाड्यात तीन डब्या, तिन्ही भरलेल्या.

“मामा, गोळ्या?”

“बंद केल्या की,” मामा भाबडेपणानं म्हणाले. “मास्तर सांगायचे, पोरीला रोग न्हाई, कागदावर लिवलंय. मंग चांगल्या पोरीला रोजची गोळी कशाला?”

मी अंगणात गेले. पाट पुन्हा पूर्वेच्या भिंतीशी होता, मावळतीचं ऊन जिथं सगळ्यात शेवटपर्यंत राहतं तिथं.